लालबागचा गाळा, चार शेगड्या आणि मे महिना

लालबागमधल्या जुन्या चाळीच्या तळमजल्यावर एक पोळी-भाजी केंद्र. गाळा १० फूट रुंद, १६ फूट खोल. पुढचं शटर पूर्वेला रस्त्यावर, मागची भिंत पश्चिमेला हाऊस गल्लीत, म्हणजे इमारतींमागच्या अरुंद बोळात. मागच्या अर्ध्या भागावर पोटमाळा असल्याने तिथे छत जेमतेम ७ फुटांवर, आणि शेगड्या नेमक्या त्याच्याखाली. पाच बायका: दोघी लाटायला, दोघी भाजायला, एक मावशी भाजी-आमटीवर. सकाळी साडेसात ते एक आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ मिळून रोज ८००-९०० पोळ्या. १९ किलोचं सिलेंडर तीन दिवस पुरतं.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. गिरगावपासून डोंबिवलीपर्यंतच्या अशा गाळ्यांत दिसणाऱ्या नेहमीच्या गोष्टी एका जागी आणून ते उभं केलं आहे, त्यामुळे माणसांची नावं नाहीत आणि मोजमापं अशा जागेत सहज सापडतील अशी आहेत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रारी साठत गेल्या. लाटणाऱ्या एकीच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येऊ लागले. भाजणाऱ्या दोघींचं डोकं रोज अकराच्या सुमारास ठणकायचं. एकीला मानेपासून कमरेपर्यंत घामोळं. भाजीवाल्या मावशींना मळमळ. एक बाई गावी गेली म्हणून तिच्या जागी बदली आलेली चोवीस वर्षांची मुलगी तिसऱ्या दिवशी सव्वाबाराला तव्यासमोरच खाली बसली आणि आडवी झाली. मिनिटभरात शुद्धीवर आली, नीट बोलली, पण पुढचे दोन तास उभं राहता येईना.

मालकीणबाईंचा पहिला प्रश्न बरोबर होता: त्या दिवशी तापमान ३४ अंश, उष्णतेच्या लाटेचा इशारा नाही, मग हे झालं कसं? किनारपट्टीवरच्या ठिकाणी लाट जाहीर करायला हवामान खातं कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असणं धरतं. ३४ हा मुंबईचा मेमधला रोजचा आकडा. पण इशारा शहरासाठी असतो, तव्यासमोर उभ्या असलेल्या बाईसाठी नाही.

गाळ्यात नेमकं काय चाललं होतं

अंग थंड होतं ते घाम येऊन नाही, घाम वाळून. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून फरशीवर पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही, पाणी आणि मीठ मात्र नेतो. घाम किती वेगाने वाळेल हे ठरतं ओल्या कातडीवरचा बाष्पदाब (वाफेचा दाब) आणि हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर. कातडीचा साधारण ४२ मिलिमीटर पारा धरा. नागपुरात ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हवेचा १३, म्हणजे फरक २९. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्क्यांना हवेचा २६, फरक १६. तापमापकात दहा अंश कमी असूनही मुंबईत घाम वाळायला निम्म्याच्या आसपास वाव उरतो. माठातलं पाणी मेमध्ये मुंबईत फारसं गार होत नाही, तेही याच कारणाने.

आता शेगड्या. एक किलो गॅस जळला की सुमारे १२.८ किलोवॅट-तास उष्णता निघते. इथे ताशी साधारण ८०० ग्रॅम जळतो, म्हणजे हजार वॉटचे दहा हीटर एकदम चालू. त्यातला काही भाग पोळीत जातो, बाकीचा खोलीत. आणि सहसा कोणाच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे गॅस जळताना पाणी तयार होतं, किलोमागे सुमारे १.६ किलो. रोजच्या सव्वासहा किलो गॅसमागे दहा लिटर पाणी नुसत्या ज्योतीतून वाफ होऊन गाळ्यात येतं. कणकेतली आणि उघड्या पातेल्यांतली वाफ वेगळी. हवा आधीच दमट, तिच्यात ही भर.

तिसरी उष्णता तव्याची आणि शेगडीच्या तापलेल्या लोखंडाची, जी हवेला न विचारता सरळ अंगावर येते. साध्या तापमापकाला ती नीट दिसत नाही. म्हणून मोजणी तीन प्रकारे करायची: कोरडा तापमापक, ओला तापमापक (बल्बवर मलमलची चिंधी, तिचं टोक पाण्याच्या वाटीत) आणि काळा गोल तापमापक (काळ्या पोकळ गोळ्यात बसवलेला, अंगावर येणारी धग पकडणारा). दुपारी बाराला तव्यापाशी कोरडा ३८, ओला ३०, काळा गोल ४४. अंगावर पडणारा उष्णतेचा एकूण ताण एका आकड्यात सांगणारा निर्देशांक म्हणजे डब्ल्यूबीजीटी; बंद जागेसाठी तो ओल्याचा ७० टक्के आणि गोलाचा ३० टक्के: ३४.२. मध्यम श्रमाच्या कामासाठी आयएसओ ७२४३ या मानकातली मर्यादा सवय झालेल्या माणसाला २८ आणि सवय नसलेल्याला २६. काळा गोल सगळ्यांकडे नसतो, पण ओला तापमापक दोनशे-तीनशे रुपयांत घरी करता येतो आणि मुंबईत खरं चित्र तोच दाखवतो. तव्यापाशी तो २८ च्या वर गेला की कामाचा वेग उतरवायचा, ३० ला पोचला की पाळ्या अर्ध्या करायच्या, एवढा नियम भिंतीवर लिहून ठेवला तरी पुरे.

आधी केलेले उपाय आणि ते का फसले

पहिला उपाय कूलर. विदर्भातल्या नातेवाइकांनी सांगितला, त्यांच्याकडे तो छान चालतो म्हणून. कूलर हवेला फार तर तिच्या ओल्या तापमानाच्या जवळ नेऊ शकतो. नागपूरच्या त्या हवेत ते २५ च्या आसपास, म्हणजे खाली यायला १८ अंश मोकळे. मुंबईत ३३ ला ओलं तापमान २८. कूलरमधून निघते २९-३० अंशांची चिंब हवा, जी दोन फुटांवर शेगडी पुन्हा तापवते. उरतो तो ओलावा. चौथ्या दिवशी पिठाच्या डब्यांची तळं ओली झाली तेव्हा तो काढला. पाणी न घालता नुसता पंखा म्हणून चालवला असता तर उपयोगी पडला असता.

दुसरा उपाय एसी. दीड टनाचा एसी साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता काढतो आणि आत शेगड्या दहा ओततात. शिवाय एसीसाठी शटर बंद केलं की ज्योतीला हवा पुरत नाही. गॅसच्या शेगड्या चालू असलेल्या बंद गाळ्यात एसी लावणं हा नुसता वीजबिलाचा प्रश्न नाही, तो जिवाचा धोका आहे.

तिसरं, एग्झॉस्ट पंखा होता, पण ९ इंची. तो बसवला होता पाच फुटांवर, म्हणजे पोटमाळ्याखाली साठणाऱ्या गरम थराच्या दोन फूट खाली. जाळीवर पीठ आणि तेल यांची चिकट साय. माश्या आणि धूळ नको म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं आणि उरलेल्या जागेत काचेचं कपाट. पंखा बाहेर ढकलणार तरी कोणती हवा? कागदाची पट्टी जाळीपाशी धरली तर ती जेमतेम हलत होती. ही चाचणी फुकट आहे, आठवड्यातून एकदा करावी.

छताचा पंखा बंदच, कारण तो लावला की ज्योत फडफडते.

डोकेदुखी वेगळी काढायची

भाजणाऱ्या दोघींची डोकेदुखी सगळ्यांनी उन्हाळ्याच्या खात्यात टाकली होती. इथे थांबून बघणं गरजेचं होतं. दोन शेगड्यांची ज्योत निळी नसून पिवळी, तव्यांच्या बुडाला काजळी. दुखणं शेगडीजवळच्यांनाच, आणि बाहेर रस्त्यावर पंधरा मिनिटं उभं राहिलं की उतरायचं. ही खूण अर्धवट जळणाऱ्या गॅसची, म्हणजे कार्बन मोनॉक्साईडची. बर्नरच्या भोकांत कणीक अडकलेली आणि हवेच्या तोंडाशी पिठाची पुटं. तारेच्या ब्रशने भोकं मोकळी केली, हवेची चकती फिरवून ज्योत निळी केली आणि शटर पूर्ण उघडलं. यापुढे पिवळी ज्योत दिसली की ती शेगडी त्या दिवशी बंद, साफ झाल्याशिवाय पेटवायची नाही. पावसाळ्यात थंड दिवशीही अशी डोकेदुखी आली तर तिचा उन्हाशी काही संबंध नाही हे ओळखायचं.

हवेची वाट

खरी दुरुस्ती गाळा गार करण्यात नव्हती, हवेला एक सरळ वाट देण्यात होती: रस्त्यावरून आत, बायकांच्या पाठीवरून पुढे, शेगडीवरून वर, हूडमधून (शेगड्यांवरच्या पत्र्याच्या छत्रातून) बाहेर. हवा आधी माणसाला आणि मग विस्तवाला भेटली पाहिजे. उलटं झालं तर पंखा कितीही मोठा असो, तो तापलेली हवाच अंगावर आणतो.

त्यासाठी शेगड्यांचा ओटा मागच्या भिंतीला चिकटवला, म्हणजे काम करताना पाठ शटरकडे. वर साध्या पत्र्याचा हूड, चारही बाजूंनी शेगड्यांच्या ६ इंच बाहेर येणारा, कडा जमिनीपासून सव्वासहा फुटांवर. खोलीची हवा बाहेरच्यापेक्षा फार तर ४ अंशांनी गरम राहू द्यायची, तर दर किलोवॅटमागे ताशी पावणेआठशे घनमीटरच्या आसपास हवा काढावी लागते. दहा किलोवॅटला तो आकडा कोणत्याही परवडणाऱ्या पंख्याच्या बाहेर जातो. हूड इथे कामी येतो. त्याच्याखाली साठणारी हवा खोलीपेक्षा बरीच जास्त गरम असते, त्यामुळे तेवढ्याच हवेबरोबर दुपटीने उष्णता निघते आणि १८ इंची, ताशी ४,०००-४,५०० घनमीटरचा पंखा पुरतो. विकत घेताना इंच बघून भागत नाही, खोक्यावरचा घनमीटर प्रतितास हा आकडा वाचायचा. एकाच मापाच्या दोन पंख्यांत तो खूप वेगळा असतो.

मागची भिंत पश्चिमेला असल्याने एक अडचण होती. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा त्याच दिशेने येतो आणि पंख्याच्या तोंडावर आपटतो. म्हणून बाहेर खाली वळलेलं पत्र्याचं तोंड बसवलं. पंखा बंद असताना वारा आत येऊ नये म्हणून झडपाही. हाऊस गल्लीत हवा सोडताना वरच्या बिऱ्हाडांच्या खिडक्या बघून घ्याव्यात, नाहीतर उन्हाळा संपायच्या आत भांडण सुरू होतं.

आत येणाऱ्या हवेसाठी सुमारे ९ चौरस फूट मोकळी जागा लागते. शटर पूर्ण वर, खालच्या भागात माश्यांची जाळी लावलेली लोखंडी चौकट, काचेचं कपाट बाजूच्या भिंतीला. बारीक जाळी हवा अडवते म्हणून चौकट ९ ऐवजी १५ चौरस फुटांची केली.

अंगावरचा वारा वेगळा हवा. भिंतीवरचे दोन १६ इंची पंखे कमरेच्या वर, बाजूने आणि मागून, तिरके. ज्योत हलू नये म्हणून प्रत्येक शेगडीला तीन बाजूंनी ४ इंची पत्र्याचं कडं, खालून हवा जायला अर्धा इंच फट ठेवून. फट न ठेवल्यास पुन्हा पिवळी ज्योत. पंख्याबद्दल एक समज सगळीकडे ऐकू येतो, की गरम हवेचा पंखा घातक. कोरड्या हवेत चाळिशीच्या पुढे तो खरा आहे. मुंबईच्या ३४-३६ अंशांच्या दमट हवेत घाम वाळवायला दुसरं स्वस्त साधनच नाही.

ओट्याच्या पुढच्या कडेला, बाई आणि शेगडी यांच्यामध्ये, चकचकीत अॅल्युमिनियमचा फूटभर उंच पत्रा, शेगडीपासून दोन इंच अंतर राखून. पोट आणि मांड्यांवर येणारी धग त्याने लगेच कमी होते. काळवंडला की निम्मा निकामी, म्हणून रोज पुसायचा. उसळी आणि आमटी सकाळी सहालाच, झाकण ठेवून, भात कुकरला. चहाचं आधण आणि एक भाजी इंडक्शनवर नेली, कारण त्यात ज्योतीची वाफ नाही. पण त्यासाठी १६ अँपिअरचा पॉइंट आणि मीटरवर तेवढा मंजूर भार आहे का हे आधी वायरमनकडून बघून घ्यायचं.

या सगळ्यानंतर दुपारी बाराला ओला तापमापक २८ वर आला आणि काळा गोल ३७ वर. डब्ल्यूबीजीटी ३०.७. अजूनही मर्यादेच्या वर. उरलेलं काम पाळ्या आणि पाणी यांनी करायचं होतं.

पाणी कमी पिण्याचं खरं कारण

गाळ्यात २० लिटरची बाटली होती आणि ती दोन दिवस पुरायची. पाच बायका, आठ तास. कोणाला पाण्याचं महत्त्व माहीत नव्हतं असं नाही. सार्वजनिक शौचालय गल्लीच्या टोकाला, रांग, दरवेळी पैसे आणि मध्येच पोळी थांबवून गेल्याबद्दल कुरकुर. म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून पाणी टाळायचं, ही त्यांची हिशेबी निवड होती. लघवीची जळजळ दोघींना वर्षभर होती. “पाणी प्या” असं दहा वेळा सांगून हे बदलत नाही. चाळीतल्या एका बिऱ्हाडाशी महिन्याची रक्कम ठरवून तिथलं संडास वापरायची सोय केली, पैसे केंद्राच्या खर्चात. तासाला एकीने जायचं, विचारायचं नाही. आठवड्यात पाण्याचा खप तिप्पट झाला.

किती प्यायचं: दर २० मिनिटांनी एक पेला, २०० ते २५० मिली. तासाला सव्वा लिटरच्या वर नाही. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, पण बळेबळे घटाघट ओतायचंही नाही. खात्री करायची तर पाळीच्या आधी आणि नंतर वजन: ५५ किलोच्या बाईचं अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरलं तर ती कमी पडली, वाढलं तर जास्त झालं.

मीठ जेवणातून यायला हवं. दहा वाजता मीठ घातलेली पेज किंवा पोळी-भाजी आणि लोणच्याची फोड, साडेअकराला मीठ-जिऱ्याचं पातळ ताक किंवा कोकमाचं पाणी. कोकम सरबताची बाटली नव्हे, तिच्यात साखरच फार. आमसुलं भिजवून, मीठ घालून. पोटऱ्यांत गोळे येणाऱ्या बाईला उपास होता, ती दिवसभर चहा आणि साध्या पाण्यावर होती. घामातलं मीठ भरून न आल्याने ते गोळे. तिला ओआरएस: लिटरची पुडी लिटरभर पाण्यात, अर्धी पुडी पेल्यात घालून नाही. पुडी नसेल तर लिटरला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पाच मिलिलिटरचा चमचा, आमटीचा नव्हे.

भाजीवाल्या मावशींची गोष्ट उलटी निघाली. वय ५८, रक्तदाबासाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं; आणि उन्हाळा म्हणून त्या दिवसाला पाच-सहा लिटर साधं पाणी पीत होत्या. मळमळ, जड डोकं, पाय लटपटणं. अशा माणसात रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं आणि त्यावर आणखी पाणी हा उपाय नसून भर आहे. त्यांना ताक-मीठ स्वतःहून वाढवायला न सांगता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं, सोबत रोज किती पाणी पितात त्याचा आकडा लिहून. गोळी बंद करायची की बदलायची हे डॉक्टरांनी ठरवायचं.

बदली मुलगी का पडली

सर्वांत धडधाकट तीच होती, आणि म्हणूनच तिला सरळ तव्यावर उभं केलं. शरीराला उष्णतेत काम करायची तयारी व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी खाली राहते. पहिल्या तीन-चार दिवसांत यातलं काहीच झालेलं नसतं. रिवाज असा हवा: पहिल्या दिवशी तव्यावर पाळीचा पाचवा भाग, मग रोज तेवढाच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण पाळी, उरलेला वेळ डबे भरणं, कणीक मळणं. गावाहून आठ-दहा दिवसांनी परतणाऱ्या जुन्या बाईलाही पहिल्या दिवशी निम्मी पाळी, कारण ही तयारी आठवडाभरात उतरायला लागते. मेमध्ये अर्धं लालबाग कोकणात असतं, म्हणजे बदल्याही तेव्हाच आणि परतणंही तेव्हाच.

तव्यावर आता सलग ३० मिनिटं, मग दहा मिनिटं शटरपाशी. त्या दहा मिनिटांत कोपरापर्यंत दोन्ही हात गार पाण्याच्या बादलीत. आगीशी काम करणाऱ्या दलांमध्ये वापरली जाणारी ही युक्ती आहे, आणि नुसतं तोंड धुण्यापेक्षा तिने अंगातली उष्णता कितीतरी जास्त उतरते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी बारा वाजता कोमट असतं, म्हणून सकाळीच पिंपात भरून ठेवलेलं वापरायचं. नायलॉनचे गाऊन गेले, सुती आले. प्लास्टिकच्या टोपीऐवजी सुती टोपी.

भिंतीवर चिकटवलेला कागद

पुन्हा कोणी पडलं तर काय, हे शेगडीच्या गडबडीत आठवत नाही. कागदावर मोठ्या अक्षरांत पहिला प्रश्न असा: “नाव, वार, कुठे आहेस, हे नीट सांगते का?” सांगत असेल तर शटरपाशी आडवी, पाय वर, पंखा, ओलं कापड, शुद्ध पूर्ण आल्यावर घोट घोट ओआरएस, त्या दिवशी पुन्हा तवा नाही. बरळत असेल, चिडचिड करत असेल, झटके येत असतील किंवा हाक ऐकत नसेल, तर तो उष्माघात समजायचा. अंग कोरडं असेल तरच उष्माघात, हे मुंबईत आणि कामाच्या माणसात धरून चालू नये; घामाने निथळत असतानाही आतलं तापमान ४० अंश, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर असू शकतं. काखेतला तापमापक अशा वेळी कमी दाखवतो, त्याच्यावर विसंबायचं नाही.

मग एकीने १०८ ला फोन, आणि त्याच क्षणी दुसरीने पिंपातलं पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतायला सुरुवात. चादर बर्फाच्या पाण्यात भिजवून अंगावर, दोन-तीन मिनिटांनी बदलत. मान, काख, जांघेत बर्फ. दोन्ही पंखे तिच्यावर. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, आणि टॅक्सीत घालून कोरडीच पळवायचं नाही, कारण लालबागच्या वाहतुकीत गेलेली वीस मिनिटं मेंदूला महागात पडतात. तोंडात पाणी, साखर, काहीच नाही. तापाची गोळी नाही, हा तो ताप नव्हे. कांदा हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही.

संध्याकाळच्या पाळीचा तिढा मात्र पूर्ण सुटलेला नाही. साडेपाचला बाहेर तापमान उतरलेलं असलं तरी भिंती तापलेल्या असतात, आर्द्रता चढलेली असते, आणि बायका दुपारी घरी जाऊन पुन्हा स्वतःचा स्वयंपाक करून आलेल्या असतात. रात्रीचं किमान तापमान २७-२८ च्या खाली जात नाही, त्यामुळे पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या दोघींना अंग निववायला वेळच मिळत नाही. मेपुरत्या संध्याकाळच्या पोळ्या ३०० वरून २०० वर आणल्या आणि त्या सगळ्या सातच्या आत संपवायचं ठरलं. गिऱ्हाईकांना ते आदल्या आठवड्यात फळ्यावर लिहून सांगितलं. जूनमध्ये पाऊस लागला की मागच्या पत्र्याच्या तोंडातून पाणी आत येतं का ते बघायचं आहे, आणि ऑक्टोबरच्या उकाड्याआधी जाळी, बर्नर आणि ओल्या तापमापकाची चिंधी हे तीन्ही नवं करायचं आहे.